पोह्यांच्या प्लेटवरचे तीन वैमानिक

वीज कंपनीच्या मीटर विभागात चौतीस वर्षं काढून मी निवृत्त झालो आणि दोनच महिन्यांत आपण जाणकार आहोत असं मला वाटू लागलं. कशातले जाणकार, हे अजून ठरायचं होतं. नोकरीत माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मीटर चालू आहे की बंद, एवढंच सांगायचं असायचं. आता मात्र बोरीवलीच्या आमच्या सोसायटीतल्या बाकावर बसून मी रोज सकाळी जुनी घड्याळं, जुनी नाणी, जुने रेडिओ अशा विषयांवर बोलायचो. बाकीचे निवृत्त लोक ऐकून घ्यायचे, कारण नाश्ता होईपर्यंत त्यांनाही घरात कुणी बोलावत नव्हतं.

माझ्याकडे दाखवण्यासारखी वस्तू एकच होती. चिनी मातीची एक रशियन प्लेट. जेवणाच्या ताटापेक्षा लहान, बशीपेक्षा बरीच मोठी, काठाला सोनेरी पट्टी. मधोमध तीन चेहरे रंगवलेले. तिघांच्याही डोक्यावर कानांपर्यंत ओढलेल्या चामडी टोप्या आणि कपाळावर चढवलेले गॉगल. त्यांच्या वर दोन इंजिनांचं विमान आणि खाली काळपट हिरव्या, टोकदार झाडांची रांग. सोनेरी पट्टी एका बाजूने पार उडाली होती. प्लेट उलटी केली की कारखान्याचा लाल शिक्का दिसायचा आणि त्याखाली कुणीतरी पिवळ्या रंगाने हाताने लिहिलेली दीड ओळ.

ही प्लेट मूळची माझ्या आत्याची. आत्या नाशिकजवळच्या विमानांच्या कारखान्यात टायपिस्ट होती. तिनं लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर काही वर्षं तिथेच राहिली आणि मग आमच्या जवळ असावं म्हणून दिंडोशीच्या वसाहतीत एक खोली-स्वयंपाकघर घेऊन आली. नवीन जागा लहान होती, म्हणून तिनं बरंच सामान वाटून टाकलं. कुणी पंखा नेला, कुणी शिलाई मशीन नेलं. मी प्लेट मागितली. तिनं जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली.

घरी आणल्यावर मी तिच्यासाठी काचेचं कपाट करून घेतलं. आत पिवळा दिवा बसवला. त्या जागेवर बायकोला डबे ठेवायचे होते, पण मी तिला वारसा या विषयावर बरंच काही सांगितलं आणि ती गप्प बसली. पटल्यामुळे गप्प बसली असा माझा तेव्हा समज होता.

त्या सुमाराला मी आत्याला एकदा विचारलंही होतं, की ही प्लेट तुझ्याकडे आली कुठून. ती म्हणाली, आमच्याकडे एक बाई होत्या. एवढं ऐकून मी म्हणालो, आत्या, ही महायुद्धाच्या काळातली असणार. आणि मग महायुद्धाबद्दल मला जे काही माहीत होतं ते तिला सांगत बसलो. त्यात अर्धा तास गेला. ती ऐकत होती. मधूनच उठून तिनं गॅसवरचं दूध उतरवलं आणि परत येऊन ऐकायला बसली.

वीस वर्षं प्लेट कपाटात होती. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी दिवा लावून ती दाखवायचो.

आमच्या भागात एक लहानसं वाचनालय आहे. तिथे महिन्यातून एकदा संध्याकाळी व्याख्यान असतं. वाचनालयाचे चिटणीस म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, त्यांना सगळे सर म्हणतात. गेल्या वर्षी मधुमेहावर बोलणाऱ्या डॉक्टरांची पाठ धरली आणि सरांवर ऐन वेळी वक्ता शोधायची पाळी आली. बाकावर येऊन ते म्हणाले की दहा दिवसांत कुणी तयारी करू शकेल का, विषय कुठलाही चालेल. त्यांचं वाक्य संपायच्या आत मी होकार देऊन बसलो होतो. विषय सांगितला, रशियन पोर्सेलीनवरचे आकाशवीर. सरांनी तो दोनदा म्हणायला लावला आणि मग फळ्यावर जागा पुरत नाही म्हणून नुसतं 'आकाशवीर' लिहिलं.

आता खरोखर अभ्यास करणं भाग होतं. तीन दिवस मी फोन घेऊन बसलो. त्यातून कळलं ते असं. महायुद्धाच्या आधीच्या त्या वर्षांत सोव्हिएत देशात वैमानिकांचं फार कौतुक होतं. कुणी लांबचं उड्डाण केलं की त्याची मिरवणूक निघायची, टपाल तिकीट निघायचं आणि चिनी मातीच्या कारखान्यांत त्याच्या तसबिरीचे कप, फुलदाण्या, प्लेटा रंगवल्या जायच्या. लोक विमानात बसलेले नसायचे, पण चहा वैमानिकाच्या कपातून प्यायचे. हे सगळं खरं होतं. इथपर्यंत मी बरोबर होतो.

पुढे मला तीन पुरुषांचा एक फोटो सापडला. तिघं रशियन वैमानिक, उत्तर ध्रुवावरून न थांबता थेट अमेरिकेपर्यंत गेलेले. चामडी टोप्या होत्या, गॉगल होते, संख्या तीन होती. मी फोटो आणि प्लेट शेजारी शेजारी धरली. डावीकडचा डावीकडच्यासारखा दिसत नव्हता, पण चित्रकाराने जागा बदलल्या असतील. मधल्याला फोटोत मिशी होती आणि प्लेटवर नव्हती, पण मिशी काढता येते. विमान वेगळं होतं, त्याचाही मी काहीतरी खुलासा करून घेतला. मनात एकदा ठरलं की डोळे फार समजूतदार होतात.

राहिली मागची दीड ओळ. फोनमध्ये भाषांतर करणारं एक अ‍ॅप असतं. अक्षरं हाताने लिहिलेली, त्यामुळे त्याला पूर्ण वाक्य काही लागेना. वेगवेगळ्या उजेडात बारा-तेरा फोटो काढल्यावर त्यानं तीन शब्द दिले. जेवण, भिंत आणि फाशी.

मी हादरलो. रात्रभर त्या तीन शब्दांची जुळणी करत होतो. सकाळपर्यंत माझा सिद्धांत तयार झाला. तिघांपैकी एका वीराचा पुढे राजकारणात बळी गेला असणार. त्याला शेवटचं जेवण देऊन, तुरुंगाच्या भिंतीआड फाशी देण्यात आली असणार. प्लेट रंगवणाऱ्या कारागिराला हे समजलं आणि त्यानं जिवावर उदार होऊन मागच्या बाजूला जगासाठी निरोप लिहून ठेवला. तो निरोप इतकी वर्षं कुणाला वाचता आला नव्हता. आता तो बोरीवलीत वाचला गेला होता. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती. तिनं विचारलं, "आत्याला विचारलंत का?" मी म्हणालो की आत्या टायपिस्ट होती, तिला यातलं काय माहीत असणार.

हे वाक्य मी बोललो होतो. बायकोनं त्याची तारीख लक्षात ठेवलेली आहे.

व्याख्यानाच्या दिवशी आत्याला आणायला मी स्वतः रिक्षा घेऊन दिंडोशीला गेलो. आपली वस्तू आज केवढी मोठी ठरणार आहे हे तिनं बघावं, अशी माझी इच्छा होती. ब्याऐंशी वर्षांची आत्या इस्त्रीची पांढरी साडी नेसून, चष्म्याचं घर पर्समध्ये घालून तयारच बसली होती. वाटेत तिनं विचारलं, काय सांगणार आहेस. मी म्हणालो, ऐकशीलच.

तीस खुर्च्या मांडल्या होत्या. सतरा माणसं आली. त्यांतले चार जण मधुमेहाचं ऐकायला आले होते आणि बदललेला विषय कळल्यावरही भिडेखातर बसून राहिले. बायको शेवटच्या रांगेत, आत्या दुसऱ्या. प्लेट मी टेबलावर लाल मखमलीवर ठेवली होती. मखमल म्हणजे बायकोच्या दागिन्यांच्या डब्यातला कपडा.

मी बोलायला सुरुवात केली. पडद्यावर चित्रं होती, एकूण एकेचाळीस. पहिली पाच-सात बरी गेली. मग मी तिघांच्या चेहऱ्यांकडे वळलो. प्लेटचे मोठे करून घेतलेले फोटो पडद्यावर आले. डावीकडच्याला मी कप्तान म्हणालो आणि त्याच्या जबड्यातला पोलादी निर्धार हातातल्या लाल दिव्याने दाखवला. उजवीकडचा विनोदी स्वभावाचा असावा, असं त्याच्या ओठांवरून सांगितलं. मधल्याच्या डोळ्यांत किंचित ओल दिसत होती. त्याला बहुधा घरी वाट बघणारी आई आठवत असेल, असं म्हणून मी थोडा थांबलो. व्याख्यानात थांबण्याला महत्त्व असतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं.

तेवढ्यात सरांनी नम्रपणे विचारलं की उत्तर ध्रुवावर ही झाडं कशी काय. मला हा प्रश्न पडलेलाच नव्हता. मी म्हणालो, कलावंताचं स्वातंत्र्य. सरांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मग दुसऱ्या रांगेत आत्याचा हात वर गेला. शाळेतल्या मुलीसारखा, कोपर दुसऱ्या हातावर टेकवून. मी म्हणालो, "आत्या, प्रश्न शेवटी घेऊ या."

तिनं हात खाली घेतला आणि मी पुढे गेलो. त्यानंतर मी आणखी अकरा चित्रं दाखवली. त्यांत उत्तर ध्रुव आला, अमेरिका आली, मिरवणूक आली. शेवटी मी प्लेट उलटी करून सगळ्यांना दाखवली आणि आवाज खाली आणून शेवटचं जेवण, भिंत आणि फाशी यांबद्दल सांगितलं. मधुमेहाचे चौघंही आता सरसावून बसले होते. एका बाईंनी तोंडावर हात नेला. मी अतिशय खूश होतो.

टाळ्या झाल्या. सर म्हणाले, आता प्रश्न, आणि त्यांनी आत्याकडे बोट केलं. ताई, तुम्ही मघाशी हात वर केला होता.

आत्या बसल्या जागेवरूनच म्हणाली, "त्या बायका आहेत."

कुणाला काही कळेना. मलाही. मला वाटलं ती शेजारी बसलेल्या कुणाबद्दल बोलते आहे. तिनं पुन्हा सांगितलं, "प्लेटवरचे ते तिघं. पुरुष नाहीत ते, तीन बायका आहेत. टोप्यांमुळे केस दिसत नाहीत."

समारोपासाठी पडद्यावर मी पुन्हा मधल्याचा चेहरा आणून ठेवला होता, डोळ्यांत ओल असलेला. सतरा जणांनी एकदम तिकडे पाहिलं, मीही पाहिलं. आणि वीस वर्षं कपाटात बघत आलेला तो चेहरा क्षणात बाईचा झाला. नाजूक भुवया, गालांची गोलाई, सगळं आधीपासून तिथेच होतं. कप्तानाचा पोलादी जबडा एका गोबऱ्या, हसऱ्या बाईची हनुवटी निघाला.

सरांनी आत्याला पुढे यायची विनंती केली. ती आली, पर्समधून चष्मा काढला, प्लेट उलटी करून दिव्याखाली धरली आणि मागची दीड ओळ मोठ्यानं वाचली. रशियन भाषेत. सलग, न अडखळता, आपण दुधाच्या पिशवीवरचं नाव वाचतो तशी. आमच्या घरात कुणालाही, म्हणजे माझ्या वडिलांनासुद्धा, तिला रशियन येतं हे माहीत नव्हतं. निदान मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिनं मराठीत अर्थ सांगितला. "हिच्यात जेव. भिंतीवर टांगू नकोस."

जेवण, भिंत आणि फाशी. अ‍ॅपने तिन्ही शब्द जवळपास बरोबर दिले होते. टांगण्याचं फाशी झालं होतं एवढंच. बाकीची कामगिरी माझी.

आधी शेवटच्या रांगेतून हसू ऐकू आलं. ते मला ओळखीचं होतं. मग सगळेच हसले आणि आत्याही हसली. सरांनी तिला खुर्ची दिली आणि सांगा म्हणाले. मी पडद्याजवळ हातात लाल दिवा धरून उभा राहिलो. मला बसायला कुणी सांगितलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही.

आत्यानं जे सांगितलं ते असं. ती कारखान्यात लागली तेव्हा तिथे रशियन इंजिनियर यायचे. त्यांच्याबरोबर एक रशियन अक्षरांचा टाईपरायटर आला होता. त्याला कुणी हात लावेना. विभागातले पुरुष म्हणायचे की हे आमचं काम नाही. आत्या त्या विभागात एकटीच बाई, तेवीस-चोवीस वर्षांची. साहेबांनी ते मशीन तिच्या टेबलावर आणून ठेवलं. रशियन लोकांबरोबर एक दुभाषी बाई होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या आत्याला एक एक अक्षर शिकवू लागल्या. सहा महिन्यांत आत्या सुट्या भागांच्या याद्या रशियनमध्ये टाईप करायला लागली आणि वर्षाभरात दोघी डबा खाताना रशियनमध्ये गप्पा मारू लागल्या. त्या बाई हिच्या डब्यातली मेथीची भाजी खायच्या आणि ही त्यांच्याकडचं काळ्या पावासारखं काहीतरी खायची, नाव तिला आता आठवत नव्हतं.

प्लेट त्या बाईच्या आईची. आईला कुठल्याशा गिरणीत चांगल्या कामाबद्दल मिळालेली. परत जाताना बाईंनी ती आत्याला दिली. आत्या ती भिंतीवर लावणार हे त्यांनी ओळखलं असावं, म्हणून विमानाच्या भागांवर नंबर टाकायच्या रंगानं त्यांनी मागे तसं बजावून लिहिलं. पुढची तीस-पस्तीस वर्षं आत्यानं रोज सकाळी त्याच प्लेटमध्ये पोहे खाल्ले. एका बाजूची सोनेरी पट्टी, जी माझ्या व्याख्यानात युद्धाच्या झळांनी उडाली होती, ती चमच्यानं गेली होती.

"आणि त्या तिघी?" सरांनी विचारलं.

त्या तिघी एका विमानातून निघाल्या होत्या, मॉस्कोहून पार पूर्वेच्या टोकाला, मध्ये कुठेही न उतरता. सगळी वाट ढगांतून. बिनतारी यंत्र बिघडलं. इंधन संपत आलं आणि खाली नुसतं जंगल आणि दलदल. विमान पोटावर उतरवावं लागणार होतं. दिशा सांगणारी जी होती ती विमानाच्या नाकात, काचेच्या खोलीत बसायची. तसं उतरताना नाक चेपलं तर ती मेली असती. म्हणून कप्तान बाईनं तिला हवाई छत्री घेऊन उडी मार म्हणून हुकूम केला. तिनं मारली. घाईत खाण्याची पिशवी विमानातच राहिली. खिशात चॉकलेटच्या दोन वड्या होत्या. तेवढ्यावर ती दहा दिवस एकटी जंगलातून चालत होती. दलदलीत एकदा पार फसली, काठीच्या आधारानं बाहेर आली. एक बूट गेला. दहाव्या दिवशी तिला विमान सापडलं आणि त्याच्याजवळ बाकीच्या दोघी तिची वाट बघत होत्या.

"रोज किती चॉकलेट खायची ते पण बाईंनी मला सांगितलं होतं," आत्या म्हणाली. "ते मी विसरले."

मागच्या रांगांतल्या लोकांनी खुर्च्या पुढे ओढून घेतल्या होत्या. माझ्या एकेचाळीस चित्रांनी जे झालं नव्हतं ते तिनं खुर्चीत बसून, हात मांडीवर ठेवून केलं होतं. मधुमेहाचे चौघंही चहा आला तरी उठले नाहीत. झाडांचा खुलासाही झाला होता. ते जंगल होतं आणि म्हणून चित्रात जंगल काढलं होतं.

वक्त्यासाठी वाचनालयानं एक शाल आणि नारळ आणला होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि मग शाल आत्याच्या खांद्यांवर घातली. मला गुलाबाचं फूल मिळालं, जे खरं म्हणजे भिंतीवरच्या संस्थापकांच्या तसबिरीला वाहायचं होतं. मी ते घेऊन फोटोसाठी उभाही राहिलो.

परत दिंडोशीला सोडायला जाताना रिक्षात मी तिला विचारलं की इतकी वर्षं सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, एकदा सांगायला लागले होते, पण तू युद्धाचं सांगायला लागलास. आणि आज? आज तर मी चुकतोय हे तिला पहिल्या पाच मिनिटांत कळलं असणार. त्यावर ती म्हणाली, "तूच म्हणालास ना, प्रश्न शेवटी." यात टोमणा नव्हता. ती खरंच तेवढ्यासाठी थांबली होती.

तिच्या घरी तिनं चहा टाकला. मी ओट्याला टेकून उभा होतो. मनाला लागलं होतं ते जरा बाजूला सारून मी विचारलं की एवढी चांगली भाषा येत होती तर तुला कधी रशियाला पाठवलं नाही का कारखान्यानं.

"पाठवत होते," ती म्हणाली. "सहा महिन्यांचा कोर्स होता. माझं नाव आलं होतं."

मग?

तिनं साखर घातली, ढवळली. म्हणाली, त्याच महिन्यात तुझ्या आईला क्षय निघाला आणि तिला दवाखान्यात ठेवलं. तू दीड वर्षाचा होतास. तुझे आजोबा गेलेले, आजी गावाला थकलेली, तुझे वडील दिवसभर कामावर. तुमच्या तेव्हाच्या गोवंडीच्या खोलीवर तुझ्याकडे बघायला कुणी नव्हतं.

आईच्या आजारपणात आत्या येऊन राहिली होती, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या घरात ते एका वाक्यात सांगितलं जायचं. आत्या आली होती. मला वाटायचं आली होती म्हणजे जशा आत्या येतात तशी आली होती. ती काय सोडून आली होती, हे त्या वाक्यात नव्हतं आणि मीही कधी त्या वाक्याच्या पुढे गेलो नव्हतो. ती रजा काढून आमच्याकडे आली आणि कोर्सची तिची जागा दुसऱ्या विभागातल्या एका पुरुषाला मिळाली. तो मॉस्कोला सहा महिने राहून परत आला आणि पुढची कित्येक वर्षं पत्रं वाचून घ्यायला आत्याच्या टेबलाशी यायचा.

"तुला वाईट नाही वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. चांगली दोन-तीन वर्षं वाटलं." तिनं कप माझ्या हातात दिला. "तू पण काय साधा नव्हतास. इतका रडका, की मी अंघोळीला गेले तरी दाराबाहेर बसून रडायचास. तुला सोडून मॉस्कोला काय, नाक्यावर जायची पण सोय नव्हती."

मी चहा प्यायलो. अठ्ठावन्न वर्षं मी अशा समजुतीत होतो की आपण आयुष्यात फार काही केलं नाही, पण कुणाच्या वाटेतही आलो नाही. मीटर विभागातल्या माणसाला एवढं समाधान पुरतं. आणि आता कळलं की धड बोलता यायच्या आधीच मी एका बाईचं मॉस्को अडवलं होतं. त्यावर कहर म्हणजे तिनंच जपून ठेवलेल्या प्लेटबद्दल तिलाच बसवून दीड तास अज्ञान सांगितलं होतं. माफी मागावी असं वाटलं. पण दीड वर्षाच्या मुलाच्या वतीनं माफी कशी मागतात ते मला येईना, आणि अठ्ठावन्नच्या माणसाच्या वतीनं मागायची तर कुठून सुरुवात करायची तेही कळेना. मी म्हणालो, "आत्या, चुकलंच माझं." ती म्हणाली, कप धुऊन ठेव.

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन मी प्लेट तिला परत नेऊन दिली. तिनं ती घासून घेतली आणि संध्याकाळी त्यात उपमा वाढून घेतला. बायको म्हणाली की इतका जुना रंग पोटात जाणं बरं नाही. आत्या म्हणाली, ब्याऐंशीव्या वर्षी मला आता कुठला रंग चढणार आहे. आमच्या घरातल्या काचेच्या कपाटात सध्या डाळींचे डबे आहेत. दिवा लावला की तूरडाळ फार रुबाबदार दिसते.

त्या दुभाषी बाईंचा शोध घ्यावा, असं माझ्या मनात आलं. एवढ्या वर्षांनी त्या असणं कठीण, पण मुलं-नातवंडं असतील. मी आत्याला म्हणालो की नाव सांग, मी इंटरनेटवर शोधतो. तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "तू नको शोधूस. तू शोधलेलं मी बघितलंय." पुढे तिनंच एक पत्र लिहिलं, बाईंनी दिलेल्या जुन्या पत्त्यावर. माझ्याकडे फक्त पोस्टात रांगेत उभं राहण्याचं काम दिलं. उत्तर आलेलं नाही. पत्रही परत आलेलं नाही.

व्याख्यानाच्या पुढच्या रविवारी सर आत्याच्या घरी वही घेऊन हजर झाले. वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांना रशियन शिकायचं होतं. ते ऐकून बायको म्हणाली, मीही येते. मग मला घरी एकट्याला बसवेना. अशी आम्हा तिघांची शिकवणी दिंडोशीला सुरू झाली. दर रविवारी दहा ते साडेअकरा.

आत्या शिक्षिका म्हणून कडक आहे. अक्षर गिरवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. रशियनमध्ये पी दिसतो तो र असतो आणि एच दिसतो तो न असतो, हे सरांना पहिल्याच दिवशी जमलं. मी अजून पी ला पी म्हणतो. आकडे मात्र आपल्या जवळचे निघाले, द्वा, त्री, चतीरे, आणि तेवढ्या एका आठवड्यात मला वाटलं होतं की भाषा आपल्या रक्तात आहे. मग पाच आला, तो निघाला प्यात्. परवाच्या श्रुतलेखनात वीस शब्दांपैकी माझे चार बरोबर आले. बायकोचे अठरा. सरांचे सतरा, आणि त्यावरून सर आत्याशी थोडे भांडले.

आता आत्या आणि बायको चहा करताना स्वयंपाकघरात रशियनमध्ये बोलतात. बायकोचं व्याकरण कच्चं आहे म्हणे, पण ती थांबत नाही, धडाधड बोलते. मला बाहेरून त्यातलं काही समजत नाही. एक शब्द तेवढा मी ओळखायला शिकलो आहे, प्लेम्यान्निक. त्याचा अर्थ भाचा. तो त्यांच्या बोलण्यात बऱ्याचदा येतो, आणि तो आला की पाठोपाठ दोघी हसतात.